एक कॅरट की नव्वद सेंट? साखरपुड्याच्या अंगठीसाठी हिरा निवडताना

फोंड्याच्या एका ताईंनी सविस्तर प्रश्न विचारला आहे. मुलीच्या साखरपुड्यासाठी त्यांना पिवळ्या सोन्यात एकाच हिऱ्याची अंगठी करायची आहे. सराफाने त्यांना दोन गोल हिरे दाखवले असून दोन्हींना जीआयएचे, म्हणजे हिऱ्यांची श्रेणी ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे, प्रमाणपत्र आहे. पहिला हिरा १.०० कॅरटचा, रंग एफ, शुद्धता व्हीव्हीएस २, कट ‘गुड’, व्यास ६.२२ ते ६.२६ मिलिमीटर आणि खोली व्यासाच्या ६४.८ टक्के असा आहे. दुसरा ०.९० कॅरटचा, रंग एच, शुद्धता व्हीएस २, कट ‘एक्सलंट’, व्यास ६.१९ ते ६.२२ मिलिमीटर आणि खोली ६१.५ टक्के असा आहे. पहिला बराच महाग आहे आणि तो वरच्या दर्जाचा असल्याचे सराफाचे म्हणणे आहे. मुलीच्या मैत्रिणीने मात्र प्रयोगशाळेत वाढवलेला दीड कॅरटचा हिरा सुचवला आहे, ज्याची किंमत या दोहोंपेक्षा कितीतरी कमी पडते. शिवाय घरात आजीच्या कुड्या आहेत. त्यांतले हिरे काढून वापरता येतील का, असेही त्यांनी विचारले आहे.

ताई, माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: या दोघांत दुसरा हिरा घ्यावा. सराफाने तुम्हाला खोटे काही सांगितलेले नाही. रंग, शुद्धता आणि वजन या तिन्ही रकान्यांत पहिला हिरा खरोखरच वर आहे. परंतु चौथ्या रकान्यात, म्हणजे कटमध्ये, तो मागे आहे आणि बोटात घातलेल्या हिऱ्याकडे पाहणाऱ्याला सर्वांत आधी जे दिसते ते याच रकान्यावर अवलंबून असते.

आधी आकाराचेच पाहा. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे शंभर भाग केले की प्रत्येक भागाला बाजारात सेंट म्हणतात. म्हणजे तुमच्या दोन हिऱ्यांत दहा सेंटचा, वीस मिलिग्रॅमचा फरक आहे. आता प्रमाणपत्रावरचे व्यास एकमेकांशेजारी ठेवा. दोन्ही हिरे वरून जवळजवळ सारखेच दिसणार. फरक आहे तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, तीन-चार भागांचा. नीट कापलेला एक कॅरटचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर भरतो, आणि तुमचा पहिला हिरा तेवढा भरत नाही. मग त्याचे जास्तीचे वजन गेले कुठे? ते त्याच्या पोटात आणि कमरेत आहे. हिऱ्याच्या वरच्या आणि खालच्या भागांना जोडणाऱ्या कडेला गर्डल म्हणतात. पहिल्या प्रमाणपत्रावर गर्डलच्या पुढे ‘थिक’ असे लिहिलेले तुम्हाला बहुधा आढळेल, कारण या व्यासात आणि या खोलीत गर्डल जाड ठेवल्याशिवाय एक कॅरट भरत नाही. कारागिराला हे कळत नव्हते असे मुळीच नाही. कच्च्या खड्यातून ०.९५ चा सुंदर हिरा निघत असताना त्याने तो १.०० वर थांबवला, कारण एक कॅरटचा आकडा ओलांडला की प्रत्येक कॅरटमागचा दर एकदम वरच्या पायरीवर जातो. अर्ध्या कॅरटला आणि दीड कॅरटलाही असेच होते. त्या पायरीच्या किंचित खालचा, उत्तम कापलेला हिरा शोधणे ही आमच्या धंद्यातील जुनी युक्ती आहे आणि ती ग्राहकाने वापरण्यात काहीच गैर नाही.

कट म्हणजे आकार नव्हे, हा घोळ मी रोज ऐकतो. गोल, अंडाकृती, बदामी, चौकोनी हे झाले आकार. कट म्हणजे पैलूंची मांडणी, त्यांचे कोन, त्यांची परस्पर प्रमाणे आणि त्यांवरचे पॉलिश. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ इतका मोठा असल्यामुळे आत शिरलेला किरण एखाद्या पैलूवर लंबाशी साडेचोवीस अंशांहून अधिक तिरपा आपटला, की तो बाहेर न जाता आतच परावर्तित होतो. काचेत हीच मर्यादा एकेचाळीस अंशांच्या आसपास असते, म्हणून काच कितीही पैलूदार कापली तरी तिच्यातून प्रकाश गळत राहतो. हिऱ्याचे कोन बरोबर असतील तर वरून आलेला प्रकाश खालच्या पैलूंवर दोनदा आपटून पुन्हा वरच, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. खालचा भाग, ज्याला पॅव्हिलियन म्हणतात, फार खोल असला तर प्रकाश खालच्या बाजूने निसटतो आणि हिऱ्याचा मध्य खिळ्याच्या डोक्यासारखा काळा दिसू लागतो. तो फार उथळ असला तर वरच्या सपाट टेबलाच्या आत गर्डलचे प्रतिबिंब राखाडी कड्यासारखे उमटते. त्याला माशाचा डोळा म्हणतात. मासळी बाजारात आपण माशाचा डोळा पाहूनच मासा घेतो, हिऱ्यात मात्र तो दिसला की हिरा परत करावा.

गोल हिऱ्यासाठी कोणती प्रमाणे चांगली, याचे गणित हिरे घडवणाऱ्या बेल्जियन घराण्यातील मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये मांडले: टेबल व्यासाच्या ५३ टक्के, वरच्या क्राउनचा कोन ३४.५ अंश आणि पॅव्हिलियनचा ४०.७५ अंश. आज त्याच्या आसपासची बरीच प्रमाणे उत्तम मानली जातात. जीआयएने गोल हिऱ्यांना कटची श्रेणी द्यायला २००६ मध्ये सुरुवात केली आणि तिच्या ‘एक्सलंट’ श्रेणीचा पट्टा पुरेसा रुंद आहे. म्हणून नुसत्या ‘एक्सलंट’ या शब्दावर न थांबता प्रमाणपत्रावरील आकृतीतले कोन पाहावेत. क्राउन ३४ ते ३५ अंश आणि पॅव्हिलियन ४०.६ ते ४१ अंश असेल, तर मी निश्चिंत असतो. क्राउन उंच असेल तर पॅव्हिलियन थोडा उथळ हवा, आणि क्राउन बसका असेल तर उलट. दोन्ही एकाच दिशेने वाढलेले असले की प्रकाश गळणारच. अंडाकृती, बदामी किंवा एमरल्ड कट घेतला, तर जीआयएच्या प्रमाणपत्रावर कटची श्रेणी मिळणार नाही. तिथे डोळ्यावरच भिस्त ठेवावी लागते.

आता हा डोळा कुठे वापरायचा, तेही सांगायला हवे. पेढीतील दिव्यांखाली प्रत्येक हिरा चमकतो. ते दिवे त्यासाठीच लावलेले असतात. तीव्र, बारीक झोताच्या दिव्यात सुमार कटचा हिराही ठिणग्या उडवतो. पेढीच्या दारात, सावलीत, मोकळ्या आकाशाच्या उजेडात हिरा पाहण्याचा आग्रह धरा. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या बाल्कांवसारखी, म्हणजे ओसरीसारखी जागा यासाठी उत्तम: डोक्यावर छप्पर, समोर उजेड आणि थेट ऊन नाही. हातभर अंतरावर धरून हिरा हळूहळू हलवा. काळे-पांढरे भाग सारखे अदलाबदल करत राहिले, कडेपर्यंत जिवंतपणा दिसला, तर कट चांगला आहे. मधला भाग मंद राहिला किंवा कडेचे वर्तुळ निस्तेज पडले, तर प्रमाणपत्रावर काहीही लिहिलेले असो, तो हिरा तुमच्यासाठी नाही. तुमचे दोन्ही हिरे असे शेजारी धरून मुलीला पाहू द्या, कोणता कोणता हे न सांगता.

थेट उन्हाचीही एक परीक्षा आहे, आणि ती मी पैसे गमावून शिकलो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मी अर्ध्या कॅरटचा, चांगल्या रंगाचा हिरा अनपेक्षितपणे स्वस्त मिळाला म्हणून घेतला. त्याच्या कार्यालयात तो देखणा दिसत होता. मडगावला आल्यावर भर दुपारी रस्त्यावर तो बाहेर काढला, तर कोणीतरी त्यात दुधाचा थेंब टाकल्यासारखा तो धूसर झाला. त्याचा फ्लोरोसन्स अतितीव्र होता. काही हिरे अतिनील किरणांत उजळतात, बहुतेक वेळा निळसर, आणि आपल्या गोव्याच्या उन्हात अतिनील किरणांची मुळीच टंचाई नाही. असा प्रत्येक हिरा धुरकट दिसतो असे नाही, तसे होणारे थोडेच असतात. उलट आय, जे, के अशा किंचित पिवळट रंगांत मध्यम निळा फ्लोरोसन्स हिऱ्याला थोडा पांढरा दाखवतो आणि किंमतही कमी ठेवतो. म्हणून प्रमाणपत्रावर ‘फेंट’ किंवा ‘मीडियम’ लिहिले असल्यास घाबरू नये. ‘स्ट्राँग’ किंवा त्यापुढचे काही असल्यास उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नये.

रंगाची श्रेणी रंगहीन डी पासून पिवळट झेडपर्यंत जाते. आधीच्या काळात वेगवेगळे व्यापारी ए, बी, सी ही अक्षरे मनमानीपणे वापरत असल्यामुळे नव्या मोजणीने मुद्दामच डीपासून सुरुवात केली. पिवळटपणा येतो तो कार्बनच्या स्फटिकात शिरलेल्या नायट्रोजनमुळे. प्रयोगशाळेत रंग ठरवताना हिरा उलटा, टेबल खाली करून, नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी ठेवतात. कारण सरळ ठेवलेल्या चांगल्या कटच्या हिऱ्याची चमक फिका रंग झाकून टाकते. तुमचा एच हिरा पिवळ्या सोन्यात बसवला की एफशी त्याचा फरक मलासुद्धा नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येणार नाही. सोन्याची पिवळी छटा हिऱ्यात उतरतेच, त्यामुळे एफसाठी मोजलेले पैसे त्या कोंदणात बुडतात. अंगठी प्लॅटिनमची किंवा पांढऱ्या सोन्याची असती, तर मी जी किंवा त्याहून वरचा रंग सुचवला असता.

शुद्धता दहापट भिंगाखाली ठरते, हे वाक्य लक्षात ठेवले की निम्मा गोंधळ संपतो. निर्दोषपासून व्हीव्हीएस (अतिसूक्ष्म खोट), व्हीएस (सूक्ष्म खोट), एसआय (थोडी खोट) आणि मग आय (ठळक खोट) अशा उतरत्या पायऱ्या आहेत. व्हीव्हीएस २ आणि व्हीएस २ यांतला फरक शोधायला प्रशिक्षित माणसालाही भिंग लागते. बोटातल्या हिऱ्याला कोणी भिंग लावून पाहत नाही. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसण्याच्या पलीकडे दिलेला प्रत्येक रुपया कागदासाठी दिलेला असतो. मात्र शुद्धतेच्या खालच्या पायऱ्यांवर नुसती श्रेणी पुरत नाही, खोट कुठे आहे ते पाहावे लागते. टेबलाच्या बरोबर खाली काळा कण असेल तर तो आतल्या पैलूंत अनेक वेळा प्रतिबिंबित होतो. तोच कण कडेला असेल तर नखीखाली, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या आकड्याखाली, झाकता येतो. कडेपर्यंत पोहोचलेली बारीक भेग, जिला फेदर म्हणतात, ती बसवताना किंवा धक्का लागल्यावर वाढू शकते. आणि एसआय श्रेणीच्या प्रमाणपत्रावर शेरा म्हणून ‘क्लाउड्स’चा उल्लेख असेल, तर तो हिरा एकूणच मंद नाही ना, हे दोनदा पाहावे. एमरल्ड कटसारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या कटमध्ये आतले सगळे खिडकीतून दिसावे तसे दिसते, म्हणून तिथे मी व्हीएस १ च्या खाली सहसा उतरत नाही.

प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या गर्डलवर लेझरने कोरलेला असला, तर तो तुमच्यासमोर भिंगाखाली दाखवायला सांगा आणि तोच क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासा. हिरा बसवून झाल्यावरही हे पुन्हा करा. गर्डलचा तो भाग नखीखाली जाऊ नये, एवढे कारागिराला आधीच सांगता येते. बारीक हिऱ्यांच्या दागिन्यांना असे सुटे कागद मिळत नाहीत, तिथे संपूर्ण दागिन्याला एकच प्रमाणपत्र असते आणि रंग व शुद्धता ‘ईएफ व्हीव्हीएस’, ‘जीएच व्हीएस’ अशा पट्ट्यांत लिहितात. सोन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक फक्त सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतो. हिऱ्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. हॉलमार्क आहे म्हणजे हिरा खरा, असे समजून आलेली माणसे मला अजून भेटतात.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा खोटा नसतो, हे स्पष्ट सांगायला हवे. तोही कार्बनचाच, तेवढाच कठीण, आणि त्याचा अपवर्तनांकही तोच. जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये प्रचंड दाब आणि तापमान वापरून असा हिरा तयार केला. आज सुरतेत सीव्हीडी पद्धतीने वायूतून एकेक थर साचवून ते मोठ्या प्रमाणावर वाढवले जातात. सराफाकडचा उष्णतेवर चालणारा टेस्टर या हिऱ्याला हिराच म्हणणार, कारण तो हिराच आहे. तो जमिनीतला की यंत्रातला, हे प्रयोगशाळेतील उपकरणेच सांगू शकतात. एवढेच काय, मॉयसनाइट हा सिलिकॉन कार्बाइडचा खडाही त्या साध्या टेस्टरला फसवतो. प्रश्न मूल्याचा आहे. वाढवलेल्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत सातत्याने घसरले असून ते परत घ्यायला फारसे कोणी तयार नसते. जीआयएनेही ऑक्टोबर २०२५ पासून त्यांना डी, ई, एफ किंवा व्हीव्हीएस अशा श्रेणी देणे थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग ठेवले आहेत. मुलीला मोठा खडा हवा आहे आणि पुढे तो मोडण्याचा विचारच नाही, तर खुशाल घ्यावा, पण दागिना म्हणून घ्यावा, आणि बिलावर ‘लॅबग्रोन’ हा शब्द लिहून घ्यावा. तुमच्या पत्रातून मला असे वाटले की ही वस्तू पुढच्या पिढीला द्यायची तुमची इच्छा आहे. तसे असेल तर नैसर्गिकच घ्या.

कोंदणासाठी अठरा कॅरटचे सोने वापरा, म्हणजे ७५० चा शिक्का. येथे कॅरट म्हणजे सोन्याची शुद्धता, हिऱ्याचे वजन नव्हे. आपल्याकडे बावीस कॅरटचा आग्रह असतो, पण ते सोने मऊ असल्याने नख्या लवकर झिजतात आणि वाकतात. एकट्या हिऱ्याला चारऐवजी सहा नख्या असाव्यात, म्हणजे एक सैल झाली तरी हिरा जागेवर राहतो. बिल करताना सोन्याचे वजन हिरा वगळून मांडले आहे ना, हे पाहा. नव्वद सेंट म्हणजे ०.१८ ग्रॅम. एका हिऱ्यात ही रक्कम किरकोळ वाटते, हिऱ्यांनी भरलेल्या हारात ती वाटत नाही. सोने, हिरा, घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी हे वेगवेगळे लिहिलेले असावे, आणि परत घेण्याची अटही बिलावरच, तोंडी नव्हे.

हिरा घणाने फुटत नाही, ही समजूत फार जुनी आहे. पणजीतल्या नगर उद्यानाला ज्यांचे नाव आहे, त्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात ती खोडून काढली होती आणि हिरा लहानशा हातोडीनेही फुटतो, असे लिहिले होते. त्या काळी गोवळकोंड्याचे हिरे गोव्याच्या बंदरातून लिस्बनला जात, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन होते. कठीण म्हणजे ओरखडा न उठणारा. मजबूत म्हणजे न तुटणारा, आणि हिऱ्याच्या स्फटिकाला चार दिशांनी सरळ चिरा जाण्याची प्रवृत्ती असते. दगडी पाट्यावर किंवा नळाच्या तोटीवर गर्डल आपटला तर टवका उडू शकतो. अंगठी घालून वाटण करू नये, आणि समुद्रावर जाताना ती घरी ठेवावी. थंड पाण्यात बोटे आक्रसतात आणि अंगठी कधी सरकली ते कळत नाही.

स्वच्छतेचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. हिरा पाण्याला दूर लोटतो आणि तेलाला चिकटवून घेतो. दक्षिण आफ्रिकेतील खाणींवर चरबी फासलेल्या फळ्यांवरून खडी वाहवत नेऊन त्यांवर चिकटलेले हिरे वेचत, ते याच गुणामुळे. खोबरेल तेल, साबण आणि स्वयंपाकघर यांच्या सहवासात महिनाभर राहिलेल्या हिऱ्याच्या पाठीवर पातळ थर जमतो, मग उत्तम कटही निरुपयोगी ठरतो, कारण खालच्या पैलूंवरून परावर्तनच नीट होत नाही. कोमट पाणी, भांडी धुण्याचा सौम्य द्राव आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश एवढे पुरते. खालच्या बाजूने घासा, आणि बेसिनचे बूच लावूनच.

आजीच्या कुड्या मात्र यात आणू नका. त्या काळच्या कुड्यांत हिरे बहुधा मागून बंद कोंदणात बसवलेले असतात आणि त्यांच्याखाली चकाकीसाठी पातळ वर्ख घातलेला असतो. असे हिरे बाहेर काढले की पातळ, कमी पैलूंचे आणि एकमेकांशी न जुळणारे निघतात. आजच्या उघड्या कोंदणात ते फिके पडतील आणि काढताना त्यांच्या कडाही जातील. कुड्या आहेत तशाच एखाद्या जुन्या, जडावाचे काम जाणणाऱ्या शेटला दाखवून फक्त मळसूत्र आणि कोंदणाच्या कडा तपासून घ्या. वर सांगितलेली साबणाची आंघोळ त्यांना चालणार नाही. वर्खापर्यंत पाणी गेले तर तो काळा पडतो, आणि मग हिऱ्याचे पाणी गेले असे वाटू लागते. त्या कोरड्या, मऊ सुती कापडाने पुसून वेगळ्या डबीत ठेवा.